कुलूप दुसऱ्याकडून तपासून घ्या



२७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा विषाणू पसरला आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातले एक टर्मिनल ठप्प झाले. टर्मिनल चालवणारी मर्स्क ही कंपनी डेन्मार्कची. तिच्या जाळ्यातल्या प्रत्येकाची ओळख पटवणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर एकाच वेळी पुसले गेले. वाचला तो एकच, घानामधला, कारण हल्ला झाला तेव्हा तिथे नेमकी वीज गेली होती. त्या एका प्रतीवरून सगळे जाळे पुन्हा उभे करावे लागले.

युक्रेनहून उरणच्या किनाऱ्यापर्यंत यायला त्या विषाणूला काही तास पुरले. आम्हाला एक संयुक्त प्रकल्प सुरू करायला दोन वर्षे लागली, ती हकिकत सांगतो. युरोपातल्या एका विद्यापीठातल्या गटाबरोबर मी प्रस्ताव लिहिला होता. प्रस्ताव एकच, पण दोन देशांत दोनदा भरायचा, दोनदा तपासून घ्यायचा. त्यांची मंजुरी सप्टेंबरात आली. आमची आली पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत, आणि पहिल्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र ३१ मार्चच्या आत हवे होते. त्यांच्याकडच्या ज्या विद्यार्थिनीच्या भरवशावर अर्धे काम होते, ती तोवर नोकरीला लागली होती. आम्ही घाईघाईने दोन संगणक घेतले, कारण तेवढ्या दिवसांत खर्ची टाकता येईल असे दुसरे काही नव्हते. ते संगणक आजही प्रयोगशाळेत आहेत. त्या मुलीने सहा महिने इथे राहून आमच्या मुलांशेजारी बसून काम करावे, यासाठी तर सगळा खटाटोप होता. तेवढेच झाले नाही.

पैसा नाही, असे मी म्हणणार नाही. फ्रान्सबरोबरचे आपले संयुक्त संशोधन केंद्र १९८७ पासून आहे, अमेरिकेबरोबरचा विज्ञान-तंत्रज्ञान मंच २००० पासून. २०१८ मध्ये केंद्र सरकारने सायबर-फिजिकल प्रणालींसाठी ३,६६० कोटी रुपयांचे राष्ट्रीय मिशन मंजूर केले, त्यातून २५ केंद्रे निघाली आणि सायबर सुरक्षेचे केंद्र कानपूरच्या आयआयटीत आले. अडते ते दोन सरकारांचे वेळापत्रक जुळण्यापाशी. अमेरिका आणि इस्रायलने ही गाठ सोडवलेली आहे. त्यांचे द्विराष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान १९७२ पासून दोन्ही सरकारांनी दिलेल्या ठेवीवर चालते. सायबर सुरक्षेसह अनेक विषयांत दोन्हीकडच्या संशोधकांनी मिळून एकच प्रस्ताव द्यायचा, तो अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने एकदाच तपासायचा आणि मंजूर झाला की ज्याने त्याने आपल्या माणसांचा खर्च उचलायचा. आपल्याला हे जमणार नाही, असे मानायला मी तयार नाही.

पण सुरक्षेची गोष्ट परक्यांना दाखवायची कशी, हा प्रश्न मला प्रत्येक समितीत विचारला जातो. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून नीट उत्तर देतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपल्या विषयात लागू पडत नाही. आज तुमच्या फोनमधली माहिती ज्या एईएस पद्धतीने कुलूपबंद होते, ती अमेरिकन सरकारने २००१ मध्ये आपले मानक म्हणून स्वीकारली. ती रचली मात्र योआन डामेन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन संशोधकांनी. जगभरातून आलेल्या पंधरा रचना सगळ्यांसमोर ठेवल्या गेल्या, ज्याला जमेल त्याने त्या फोडून पाहाव्यात असे सांगितले गेले, आणि त्यातून ही निवडली.

ही निवड करणाऱ्या निस्ट या अमेरिकन मानकसंस्थेने पुढे क्वांटम संगणकालाही न फुटणाऱ्या पद्धतींची निवड सुरू केली. त्यात साइक नावाची एक रचना होती. नामांकित गणिती तिच्या पाठीशी होते. पाच वर्षे तपासणीत टिकून जुलै २०२२ मध्ये ती चौथ्या फेरीत पोचली. त्याच महिन्याच्या अखेरीस बेल्जियममधल्या लुव्हेन विद्यापीठाच्या वाउटर कास्ट्रिक आणि थॉमस डेक्रू यांनी तिच्या सर्वांत लहान रूपाची किल्ली प्रोसेसरच्या एका कोरवर सुमारे तासाभरात काढून दाखवली. हत्यार काय, तर एर्न्स्ट कानी यांचे १९९७ मधले शुद्ध गणितातले एक प्रमेय. ते सिद्ध झाले तेव्हा ही रचना जन्मालाही आली नव्हती. साइकच्या कर्त्यांनी आपली पद्धत वापरू नका, असे स्वतःच जाहीर केले. ही रचना एखाद्या देशाने तिजोरीत ठेवून गुपचूप वापरायला काढली असती, तर ते प्रमेय कुणाच्या हाती आधी लागले असते, याचा विचार करताना मला आजही अस्वस्थ व्हायला होते.

दुसरीकडे, याच निवडीतून २०२४ च्या ऑगस्टमध्ये जी पद्धत मानक ठरली, त्या कायबरच्या कर्त्यांना युरोपीय संघाच्या संशोधन निधीतून मदत मिळालेली होती. वेगवेगळ्या देशांतली माणसे वर्षानुवर्षे एका फळ्यापुढे उभी राहू शकली, ती त्या पैशामुळे. आपल्याकडे अशी डोकी आहेत. संख्या अविभाज्य आहे की नाही, हे झटपट आणि खात्रीने ठरवण्याची रीत २००२ मध्ये कानपूरच्याच अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी जगाला दिली.

या परिषदेच्या दुपारच्या सत्रात संयुक्त संशोधनाविषयीचा आपला ठराव मांडला जाईल. त्यात एका कलमाची भर घालावी, अशी माझी विनंती आहे. सायबर सुरक्षेच्या प्रत्येक संयुक्त प्रकल्पात बाहेरच्या संशोधकाने इथे येऊन राहावे, आपली रचना फोडून पाहावी आणि आपल्या मुलांनी तिकडे जाऊन त्यांची, यासाठी वेगळी रक्कम असावी. ती रक्कम यंत्रखरेदीकडे वळवता येऊ नये आणि ३१ मार्चला परत जाऊ नये.