पावसात वायपर बंद पडला तर



आज मी तुम्हांला धडा वाचायला सांगणार नाही, की हिशेबही घालणार नाही. आज बोलायचे आहे ते मोटारीच्या वायपरविषयी. या वर्गातले चारपाच जण जीप, टेंपो चालवतात, आणि बाकीचे त्याच जीपमधून बाजाराला जातात. तेव्हा विषय सगळ्यांचाच आहे.

२०११ सालच्या जुलैतली गोष्ट. मी आणि माझा पुतण्या त्याच्या जीपमधून आंबोली घाट उतरून सावंतवाडीला चाललो होतो. आंबोलीचा पाऊस तुम्ही ऐकून असाल. तो नुसता पडत नाही, अंगावर धावून येतो. त्यात दिवस कललेला, धुके दाटलेले. अर्धा घाट उतरलो, आणि पुतण्यापुढचा वायपर काचेच्या मध्येच थांबला. माझ्या बाजूचा मात्र आपला हलतोच आहे. समोरचे वळण दिसेना. पुतण्या म्हणाला, "तात्या, डोकं बाहेर काढून हाकतो. थोडंच उरलंय."

मी म्हटले, "अरे बाबा, बाजूला दरी आहे. आधी गाडी उभी कर."

रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली. दिवे चालू ठेवले, चाकाला दगड लावला. पुतण्याने कपाळाला हात लावला. "मोटरच गेली, तात्या! पंधरा दिवसांपूर्वी नवी घातली होती, चार हजार मोजून."

मी शाळामास्तर. फिटर नव्हे. पण एवढे कळत होते की बहुतेक गाड्यांत दोन्ही वायपर एकाच मोटरवर चालतात. काचेच्या खाली, बॉनेटच्या मागे, ही लहानशी मोटर असते. ती गोल फिरते. तिला जोडलेल्या लोखंडी पट्ट्या त्या फिरण्याचे मागेपुढे हलणे करतात, जसे जुन्या शिवणयंत्राचे पायटे चाक फिरवते, त्याच्या उलट. मग एक वायपर हलतो आहे, तर मोटर मेली कशी?

वायपरच्या बुडाशी एक काळी टोपी असते. ती नखाने उचलली. खाली नट होता, आणि तो बोटाने फिरत होता! खालचा दांडा इमानाने फिरत होता, पण वायपरला धरून नव्हता. आमच्याजवळ पाना नव्हता. वर चढणाऱ्या एका ट्रकवाल्याने दिला. आधी स्विच बंद करून दांडा आपल्या जागी येऊ दिला, मग चावी काढली, वायपर दुसऱ्याच्या बरोबरीने आडवा ठेवला आणि नट आवळला. सारे काम दहा मिनिटांचे.

आता नीट ऐका. वायपर बंद पडला की पहिले काम कानाचे. चावी फिरवा, स्विच लावा, आणि ऐका. घूं-घूं आवाज येतो आणि दोन्ही वायपर हलत नाहीत, तर मोटर चालू आहे, पण पट्टीचा सांधा निसटला आहे. सांध्यातली प्लॅस्टिकची वाटी झिजली की असे होते. तिथे हात घालण्याआधी चावी काढून खिशात ठेवा. ती मोटर बोट चेचते, बरं का. वायपरच्या बुडाचे दाते गुळगुळीत झाले असतील, तर नट कितीही आवळा, तो पुन्हा घसरणार. वायपरचा दांडाच नवा घ्यावा.

आवाजच नसेल तर फ्यूज बघा. फ्यूजच्या डबीच्या झाकणावर कोणता फ्यूज कशाचा ते लिहिलेले किंवा चित्राने दाखवलेले असते. तुम्ही आता वाचायला शिकला आहात, ते इथे कामाला येते. फ्यूजवर आकडा असतो, १५, २० असा. आतली तार तुटलेली दिसली, तर त्याच आकड्याचा नवा घालावा. तारेचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून घालणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. त्याने वायर तापते आणि गाडी पेटू शकते. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कुठेतरी वायर उघडी पडली आहे, किंवा पाचोळा-चिखल अडकून वायपर जाम झाला आहे.

फ्यूज चांगला असेल, तर मोटरच्या वायरीला टेस्ट लँप लावून बघावे. स्विच लावूनही तो पेटला नाही, तर दोष स्विचात, रिलेत किंवा वाटेतल्या वायरीत. पेटला, तर मोटरची अर्थिंगची वायर गंजली आहे का ते पाहावे. तीही ठीक असेल, तरच मोटरला बोल लावावा. माहीतगार माणूस जवळ असेल तर त्याच्या हातून हे करून घ्यावे. पण काय तपासले ते विचारायला लाजू नये.

भगिनींनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. काच पुसणाऱ्या यंत्राचे एक जुने पेटंट अमेरिकेतल्या मेरी अँडरसन या बाईंनी १९०३ साली घेतले. त्यांचे यंत्र आतून हाताने दांडा ओढून चालत असे.

घरी आल्यावर पुतण्याने गॅरेजातून परत आणलेली जुनी मोटर बॅटरीला लावून पाहिली. ती गरगर फिरली. चार हजार रुपये गेले ते त्या ढिल्या नटापायी. गॅरेजवाल्याने नवी मोटर घालतानाही तो अर्धवटच आवळला होता. पुतण्या दोन दिवस कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बाजारात गेला आणि एक पाना आणि चार फ्यूज घेऊन आला. ते अजून जीपच्या खणात आहेत.