मसाई माराला निघण्यापूर्वी



केनियातील मसाई माराची सहल ठरवताना आपण आधी विमानाचे तिकीट पाहतो. माझे सांगणे असे, की आधी महिना ठरवा आणि मग लसीचे पाहा.

विल्डबीस्टचे कळप सेरेंगेटीतून साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये मारात येतात. दिवसभर नदीकाठी थांबूनही ते पाण्यात उतरतीलच असे नाही. म्हणून तीन रात्री तरी मुक्काम ठेवा.

आता लस. केनियाहून परतताना भारतात पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो. लस घेतल्यावर दहा दिवसांनी तो ग्राह्य होतो; नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागते. ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते, आणि साठी ओलांडलेल्यांना तिचा धोका अधिक असतो. तेव्हा आजी-आजोबांना न्यायचे असेल, तर पैसे भरण्याआधी डॉक्टरांना विचारा.

त्यांनी नको म्हटले, तर वडीलधाऱ्यांना घरी ठेवून जाण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून गीर गाठावे. सिंह तिथेही आहेत! मात्र गीर १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असते. तेव्हा दिवाळीनंतरचा बेत करा.

गणपती बाप्पा मोरया!