नाव विसरलं तरी

नालासोपाऱ्याला उतरून पश्चिमेला समुद्राकडे निघालं की राजोडी गाव लागतं. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘सिल्व्हर इनिंग्ज’ संस्थेने ‘ए वन स्नेहांजली’ हे वृद्धनिवास इथेच उभारलं. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांचा सांभाळ हे त्याचं मुख्य काम. अंधेरी-बोरिवलीहून विरार लोकलने गाठता येईल, एवढंच अंतर.

आई गॅस चालू ठेवून जिना उतरून जाते आणि मुलगा-सून दोघंही कामावर असतात, तेव्हा उपनगरातल्या घरांना अशा निवासाचा विचार करावा लागतो. त्यात अपराध कसला? साठीपुढच्या शंभरांतल्या साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे भारतात सुमारे ८८ लाख माणसं.

अंघोळ, औषधं, जेवण यांत निवासातल्या मावशींचा दिवस सरतो. शेजारी निवांत बसायला त्यांना सवड उरत नाही. स्वयंसेवकाची गरज आहे ती तिथे.

पण ज्या आजींना आपलं नाव आठवणार नाही, त्यांच्याजवळ बसून उपयोग काय? अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्मृतिभ्रंश घडवणाऱ्या अल्झायमरच्या १७ रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते बहुतेक सगळं थोड्याच वेळात पुसलं गेलं. मनातलं दुःख किंवा आनंद मात्र त्यानंतरही टिकला. भेट विसरली जाते, भेटीने आलेली खुशी लगेच जात नाही.

आणि टोचलेलंही लगेच जात नाही. म्हणून ‘मला ओळखलंत का?’ हा प्रश्न टाळायचा. आपणच नाव सांगायचं. संध्याकाळी आजी ‘मला घरी जायचंय’ म्हणून दाराशी गेल्या, तर ‘हेच तुमचं घर’ असा वाद घालायचा नाही. घरी कोण कोण असायचं, अंगणात काय होतं, हे विचारत सोबत चालायचं.

गाणी तर फार कामाची. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये दर आठवड्याला गीतरामायण लागायचं, तेव्हा आजचे ऐंशीपार आजोबा शाळकरी होते. सकाळचा नाश्ता न आठवणारं माणूसही कित्येकदा लहानपणीचं गाणं सुरात म्हणतं. कुणाच्या हाती मटार सोलायला द्यावेत, कुणाच्या हाती हार गुंफायला फुलं. काम चुकलं तरी हातातून काढून घेऊ नये.

२१ सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनी, केक आणि कॅमेरे घेऊन घोळका येतो. हेतू चांगला असतो, पण गोंगाटाने ही माणसं बावरतात. त्यापेक्षा मुलुंड-घाटकोपरच्या एखाद्या निवृत्त बाईंनी जवळच्या निवासात दर बुधवारी तासभर यावं. आधी निवासाच्या प्रमुखांशी बोलावं, सुरुवातीला मावशींसोबत राहून कुणाला काय आवडतं, कशाची भीती वाटते ते समजून घ्यावं, आणि मोबाइल पर्समध्येच ठेवावा.