उजाड भूमीचीं चित्रें



निसर्गाचें छायाचित्र म्हटलें, कीं आपल्या डोळ्यांपुढें हिरवे डोंगर, धबधबे आणि कमळांचीं तळीं उभीं राहतात. परंतु कॅनडांतील छायाचित्रकार एडवर्ड बर्टिन्स्की यांनीं खाणींचे खड्डे, पोखरलेले डोंगर व कारखान्यांचा गाळ यांनाच आपला विषय मानिलें आहे. त्यांचा जन्म १९५५ सालीं ऑन्टॅरिओ प्रांतांतील सेंट कॅथरिन्स येथें झाला. तें मोटार-कारखान्याचें शहर. त्यांचे वडीलही त्याच कारखान्यांत कामास होते.

त्याच प्रांतांत सडबरी येथें निकेलच्या मोठ्या खाणी आहेत. तेथें १९९६ सालीं बर्टिन्स्की यांनीं घेतलेलें एक चित्र फार गाजलें. काळ्या भूमीवरून एक नारिंगी नदी वळणें घेत वाहत आहे. पाहणारास वाटावें, हा ज्वालामुखीचा रस. पण तो आहे खाणीचा गाळ. धातु काढून घेतल्यावर खडकाचें जें पीठ उरतें, त्यांतील लोखंड पाण्याबरोबर वाहतें आणि हवेच्या संसर्गानें गंजतें. तो रंग त्या गंजाचा.

विध्वंसाचें चित्र इतकें सुंदर असावें काय, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला जातो. तो उडवून लावण्याजोगा नाहीं. सौंदर्याच्या भरांत गाळाचा विसर पडूं शकतो. तथापि कुरूप चित्रावरून आपण चटकन् दृष्टि काढून घेतों. सुंदर चित्रापुढें थांबतों, आणि थांबल्यावरच ‘हें काय आहे?’ असें विचारतों. भूगोलाच्या तासाला मीं खनिज संपत्तीचा धडा वर्षानुवर्षें शिकविला. नकाशांत निकेलचा एक ठिपका असे. त्या ठिपक्याच्या जागीं भूमीचें काय होतें, हें पुस्तकांत नसे. तें या चित्रांत आहे.

हा गाळ परदेशाचा, असें म्हणून आपल्याला सुटतां येत नाहीं. आपल्या घरांतील स्टेनलेस स्टीलच्या पुष्कळ भांड्यांत निकेल असतें. ती नदी ज्या गरजेपोटीं वाहिली, ती गरज आपलीही आहे.

सडबरीची कथा मात्र तेथेंच संपत नाहीं. मुख्यतः भट्ट्यांच्या धुरानें उजाड झालेल्या टेकड्यांवर १९७८ पासून तेथील लोकांनीं चुना पसरला, गवत पेरलें आणि लाखों झाडें लावलीं. टेकड्या पुन्हां हिरव्या होऊं लागल्या.

तेव्हां घरीं नवें भांडें आलें, तर तें कोणत्या भूमींतून आलें, हें मुलांना एकदां सांगावें. आणि जुनें मोडींत देतांना त्यांतला धातु पुन्हां कामास येतो, हेंही सांगावें.