कापडाच्या गावात अस्तराची चर्चा
(स्वागताध्यक्षीय भाषण)

पुष्कळांना आमचे बेसिंगस्टोक रेल्वेच्या खिडकीतूनच ठाऊक असते. पण 1086 च्या डूम्सडे बुकात इथल्या बाजाराची नोंद आहे. शेजारचे बेसिंग हाऊस दीर्घ वेढ्यानंतर 1645 मध्ये क्रॉमवेलच्या फौजेने जिंकले, आणि जवळच्या स्टीव्हन्टनला 1775 साली जेन ऑस्टिन जन्मली. माझा खरा अभिमान मात्र टॉमस बरबेरी. 1856 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी इथे कापडाचे दुकान थाटले. त्या काळी पावसासाठी कापडावर रबर चढवत. पाणी अडे, पण आत अंग घामाने भिजे. 1879 मध्ये बरबेरींनी गॅबर्डिन काढले: आधी सूतच पाण्याला दाद न देणारे करून घ्यायचे, मग ते घट्ट विणायचे. या कापडावर पडलेला थेंब गोल उभा राहतो आणि घरंगळून जातो, तरी आतली वाफ बाहेर पडत राहते. नाव जगभर झाले. गाव मात्र त्या नावामागून गळून पडले, याची खंत वाटते.

कापडाच्या या गावात कुत्र्यांच्या रक्तवाहिनीच्या अस्तरावर पशुवैद्यकांची परिषद भरावी, हे मला उचित वाटते. काय अडवायचे आणि काय जाऊ द्यायचे, हा प्रश्न दोन्हीकडे तोच. कुत्र्याच्या रक्तवाहिनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर असते. ते उसवू लागले की त्याचे धागे रक्तात उतरतात: सिंडेकन, हायलुरोनन, फॉन विलेब्रांड फॅक्टर. ते मोजणे ही चैन नव्हे, गरज आहे, आणि त्याचा दाखला आमच्याच हॅम्पशायरमध्ये आहे. 2012 च्या हिवाळ्यापासून न्यू फॉरेस्ट भागातल्या काही कुत्र्यांच्या पायांवर व्रण दिसू लागले आणि थोड्याच दिवसांत मूत्रपिंडे निकामी झाली. हाच अलाबामा रॉट. यात मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्यांचे अस्तर दुखावते, तिथे गुठळ्या होतात, प्लेटलेट्स खर्ची पडतात. पक्के निदान मूत्रपिंडाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होते, म्हणजे बहुधा कुत्रा गेल्यावर. क्रिएटिनिन वाढलेले दिसते तोवर बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

अस्तराचे हे धागे मोजण्यावर आक्षेप असा, की हे मार्कर जंतुसंसर्गात आणि मोठ्या जखमेतही वाढतात. खरे आहे, रोगाचे नाव ते सांगणार नाहीत. पण अस्तर केव्हा उसवू लागले एवढे कळले, तरी सलाइन लावण्याचा, मोठ्या इस्पितळात पाठवण्याचा निर्णय वेळेवर होईल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. डोबरमनमध्ये फॉन विलेब्रांड फॅक्टर जन्मतःच कमी असू शकतो. मग वाढ कोणत्या आकड्याला म्हणायची? माझे उत्तर असे, की एकाच कुत्र्याचे लागोपाठच्या दिवसांचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. शिवाय माणसाच्या प्लेटलेट्समध्ये हा घटक भरपूर असतो, कुत्र्याच्या प्लेटलेट्समध्ये अगदी थोडा. म्हणून कुत्र्याच्या रक्तद्रवात तो आढळला, तर तो जवळजवळ सगळा अस्तरातूनच आलेला असतो. या एका बाबतीत कुत्र्याचे रक्त माणसापेक्षा नितळ साक्ष देते.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत. इथल्या असंख्य राउंडअबाउट्सवर कुणाचा रस्ता चुकला असेल, मागच्या रांगांना पडदा नीट दिसत नसेल, चहा निवला असेल, तर दोष सर्वस्वी आमचा. उदार मनाने क्षमा करावी. सभागृहाचे भाडे उचलणाऱ्यांचे, पाहुण्यांना घरी उतरवून घेणाऱ्या कुटुंबांचे, पहाटे उठून मसालेभात रांधणाऱ्या भगिनींचे, खुर्च्या मांडणाऱ्या मुलांचे आणि देणगीदारांचे समितीवर मोठे ऋण आहे. देणगीदारांची नावे दाराशी लावली आहेत. पण एका देणगीची यादी लावता येणार नाही. आपला कुत्रा गेल्याच्या दिवशीच, त्या दुःखात, ज्यांनी त्याचे मूत्रपिंड तपासायला संमती दिली, त्या श्वानमालकांना मी हात जोडतो आणि अध्यक्षांना विनंती करतो की त्यांनी परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत.