नागपूर कोणी वसवलं? माझ्या क्विझमधलं चुकलेलं उत्तर

मी कळमेश्वरवरून बोलतोय. बॅकग्राउंडला मधेच भोंगा ऐकू आला तर समजून घ्या, इटारसी लाइनची गाडी आहे, तिला म्यूट करता येत नाही. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोडचा मजकूर.

आजची गोष्ट माझ्या एका चुकीपासून सुरू होते.

गणपतीत आमच्या मंडळानं मला सांगितलं, तू इंजिनिअर आहेस न, पोरांसाठी मोबाइलवर क्विझ बनव. मी दोन रात्री जागून बनवलं. विषय होता आपलं नागपूर. तिसराच प्रश्न: नागपूर शहर कोणी वसवलं? चार पर्याय दिले आणि बरोबर उत्तर म्हणून टाकलं, रघुजीराजे भोसले. शोधायची गरजच वाटली नाही. महाल म्हणजे भोसले, नागपूर म्हणजे भोसले, एवढं तर शेंबडं पोरगंही सांगेल, असं मला वाटत होतं.

क्विझ सुरू झालं. नववीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "दादा, यात बरोबर उत्तरच नाही न."

मी म्हटलं, "कसं काय?"

"नागपूर गोंड राजानं वसवलं. बख्त बुलंद शाह. माझ्या आजीनं सांगितलं."

आणि मी काय केलं माहीत आहे? माइक हातात होता, समोर शंभरेक लोक होते. मी हसून म्हटलं, "आजीचं वेगळं आणि इतिहासाचं वेगळं असते बाई." सगळे हसले. तिला शून्य मार्क. ती गुपचूप खाली बसली.

रात्री घरी येऊन सहज शोधलं, आणि पाच मिनिटांत घाम फुटला. आजी बरोबर होती. इतिहासही आजीच्याच बाजूनं होता. चुकलो मी होतो.

तर आज त्या घराण्याबद्दल बोलू, देवगडच्या गोंड राजघराण्याबद्दल. आपण रोज ज्या शहरात नोकरीला जातो, ते शहर उभं करणारी माणसं आपल्याच डोक्यातून कशी काय डिलीट झाली, तेही बघू.

देवगड कुठं आहे? कळमेश्वरवरून सावनेर, तिथून सौंसर, आणि पुढं छिंदवाड्याच्या डोंगरात. आज तो भाग मध्य प्रदेशात येतो. तिथं किल्ला आहे, आणि या घराण्याचा पहिला मोठा राजा म्हणजे जाटबा. सोळाव्या शतकातला, अकबराच्या काळातला. अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त त्यांची नोंद केली आहे: 2,000 घोडेस्वार, 50,000 पायदळ आणि 100 च्या वर हत्ती. थोडं वाढवून लिहिलंय असं मानलं तरी आग्र्याच्या दरबारात ज्याची मोजदाद होते, तो काही साधा जंगलातला सरदार नव्हता.

पुढं शंभरेक वर्षांनी येतात बख्त बुलंद. गादीवरून भाऊबंदकी झाली, तेव्हा ते औरंगजेबाकडे गेले. इस्लाम स्वीकारला आणि 1686 मध्ये त्यांना बख्त बुलंद हे नाव मिळालं. अर्थ, थोर नशिबाचा. राज्यही मिळालं. पण काही वर्षांतच त्यांनी मोगलांविरुद्ध बंड केलं. औरंगजेब एवढा चिडला, की आता याला 'नगून बख्त' म्हणा असा हुकूम काढला. म्हणजे फुटक्या नशिबाचा. बादशहानं युजरनेम दिलं आणि बादशहानंच ते बदललं. लोकांनी मात्र जुनंच ठेवलं. आज नागपुरात त्यांचा पुतळा आहे, त्यावर बख्त बुलंद हेच नाव आहे.

या राजानं केलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे वस्ती. राजापूर बारसा नावानं ओळखली जाणारी बारा खेडी इथं होती. ती जोडून 1702 च्या सुमारास नागपूर उभं राहिलं. गोंड असो, हिंदू असो, मुसलमान असो, ज्याच्या हातात हुन्नर आहे त्याला बोलावून जमिनीवर बसवलं. शेतकरी आले, विणकर आले, व्यापारी आले. रिचर्ड जेंकिन्स हा नागपूरचा इंग्रज रेसिडेंट होता, त्याचा 1827 चा अहवाल आहे. या राजाच्या काळात शेती, कारागिरी आणि व्यापार कसा वाढला, हे त्यानं लिहून ठेवलंय.

आता कळमेश्वरवाल्यांनो, कान इकडे द्या. जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये आपल्या गावाची नोंद आहे. गावाच्या मधोमध जो जुना किल्ला, तो बख्त बुलंदच्याच काळात दिल्लीहून आलेल्या एका हिंदू कुटुंबानं बांधला, असं त्यात म्हटलंय. म्हणजे बाहेरून माणसं आणून वसवायची ही पद्धत नागपुरापुरती नव्हती, ती आपल्या दारापर्यंत आली होती. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो. अठ्ठावीस वर्षं या गावात राहून मला हे माहीत नव्हतं, आणि मी माइकवर इतिहास शिकवत होतो.

त्यांच्यानंतर चांद सुलतान. त्यांनी राजधानी देवगडवरून नागपुरात आणली, शहराभोवती सुमारे तीन मैलांचा कोट बांधला आणि एक मोठा तलाव केला. नाव, जुम्मा तलाव. जुम्मा म्हणजे शुक्रवार, म्हणून तो झाला शुक्रवारी तलाव. आज आपण त्याला गांधीसागर म्हणतो. जवळचा जुम्मा दरवाजा, तो आता गांधी गेट. आम्ही कोड लिहिताना व्हेरिएबलचं नाव बदलतो न, तसं झालं. नाव बदललं, पण पाणी तेच आहे. जुनं नाव काय होतं हे कुठंतरी लिहिलेलं नसेल, तर दहा वर्षांनी टीममध्ये नवीन आलेल्या माणसाला वाटते, हे असंच होतं.

मग भोसले कुठून आले? 1739 मध्ये चांद सुलतान गेले. बख्त बुलंद यांचा अनौरस मुलगा वली शाह यानं गादी बळकावली. चांद सुलतान यांच्या राणी रतन कुंवर यांनी वऱ्हाडातून रघुजीराजे भोसल्यांना मदतीला बोलावलं. रघुजीराजे आले, वली शाहचा निकाल लावला, राणीच्या मुलांना, बुरहान शाह आणि अकबर शाह यांना, गादीवर बसवलं आणि परत गेले. पुढं दोघा भावांतच जुंपली. 1743 मध्ये रघुजीराजे पुन्हा आले. अकबर शाह हैदराबादकडे गेले, आणि रघुजीराजे या वेळी परत गेले नाहीत. नागपूर त्यांची राजधानी झाली. 1755 मध्ये ते वारले, तोवर त्यांची सत्ता वऱ्हाडापासून पार कटकपर्यंत पोचली होती. हे कर्तृत्व मोठंच आहे, त्यात मला काही कमी करायचं नाही.

पण सगळ्यात इंटरेस्टिंग भाग पुढं आहे. रघुजीराजांनी बुरहान शाहला हटवलं नाही. राजा हा किताब ठेवला, नेमणूक बांधून दिली, नागपुरातच राहू दिलं. नवा भोसले राजा गादीवर बसला की त्याला टिळा लावायचा मान गोंड राजाचा. महसुलाच्या काही कागदांवर शिक्का गोंड राजाचा. तलवार एकाकडे, टिळा दुसऱ्याकडे.

असं का केलं असेल? माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. फौज घेऊन शहर जिंकता येते. पण इथल्या डोंगरात, जंगलात, पाड्यांवर राहणाऱ्या लोकांनी तुम्हाला राजा मानावं, हे फौजेनं होत नाही. त्यासाठी ज्याला ते आधीपासून राजा मानतात त्याचं बोट कपाळाला लागावं लागते. लढाई हरलेल्या घराण्याचा हा प्रभाव होता. भोसल्यांचं राज्य 1854 मध्ये डलहौसीनं खालसा केलं, तरी इंग्रजांच्या अमलातही गोंड राजा नागपुरात पेन्शनीवर होतेच. महालात गोंड राजाचा किल्ला म्हणून जागा अजून सांगतात.

बरं, हे झालं राजघराणं. पण त्या मुलीची आजी काही राणी नव्हती. मग तिला हे सगळं कसं माहीत?

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. माफी मागायची होती, पण तोंडातून शब्द निघेना. आजीनं चहा दिला आणि विचारलं, "तू कोनाचा हायेस?" मी वडिलांचं नाव सांगितलं. "अन् त्याचा बाप?" आजोबांचंही सांगितलं. "अन् त्याचा?" मी गप्प. पणजोबांचं नाव मला माहीत नव्हतं. आजी म्हणाली, "आमी सात देवाचे. कोनाले पोरगी द्याची अन् कोनाले नाई, हे मले माह्या मायनं सांगतलं."

सात देवाचे म्हणजे काय, हे मी नंतर समजून घेतलं. गोंड समाजात कुळांचे गट देवांच्या संख्येवरून आहेत: चार, पाच, सहा आणि सात देवांचे. त्याला सगा म्हणतात. एका सगातली माणसं भाऊबंद, त्यांच्यात लग्न होत नाही. म्हणजे आपली जागा कुठं, हे प्रत्येकाला पाठ असावंच लागते, नाहीतर लग्नच जुळणार नाही. आणि कुळाच्या कथा, राजांच्या कथा जपायचं काम परधानांचं. ते बाना वाजवत यजमानाच्या घरी पिढ्या गाऊन दाखवायचे. आपण आज ज्याला गोंड चित्रकला म्हणतो, ती जगभर पोचवणारे जनगढ सिंह श्याम हे याच परधान समाजातले. गाणारे लोक चित्रं काढू लागले, इतकंच.

आफ्रिकेत सोमाली लोकांतही असंच आहे. लहान मुलांना बापाचं नाव, त्याच्या बापाचं, त्याच्या बापाचं, असं कुळाच्या मूळ पुरुषापर्यंत तोंडपाठ करवतात. त्याला ते अब्तिर्सी म्हणतात. दोन अनोळखी माणसं भेटली की नावं मोजत मागे जातात आणि आपण कुठं जुळतो ते शोधतात. त्यांची भाषा लिहायला अधिकृत लिपी 1972 मध्ये ठरली. तोवर हा सगळा डेटा माणसांच्या डोक्यातच होता, बॅकअपसकट.

आणि मी? मी दहा वर्षं जुन्या कोडची प्रत्येक ओळ कोणी, कधी, काहून बदलली हे एका कमांडमध्ये काढतो. पणजोबांच्या नावावर अडकलो.

2025 मध्ये रघुजीराजांची तलवार लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारनं परत आणली. ती बातमी मीही फॉरवर्ड केली, अभिमानानं केली. पण टिळा लावणाऱ्या घराण्याबद्दल मी कधी एक ओळही कोणाला पाठवली नव्हती. मुद्दाम नाही, माहीतच नव्हतं. त्या मुलीला मात्र माझ्या माहीत नसण्याचा फटका बसला, भर मांडवात.

शेवटी माफी मागितली. मुलगी म्हणाली, "दादा, मला मार्क नको. उत्तर बदला." उत्तर बदललं. पुढच्या रविवारी मंडळाच्या ग्रुपवर नवीन लिंक टाकली, आणि काय चुकलं होतं, कोणी दुरुस्त केलं, ते तिला विचारून खाली लिहिलं. दोनशे सत्तर जणांच्या ग्रुपवर अकरा लोकांनी ती उघडली. ठीक आहे, अकरा तर अकरा.

पणजोबांचं नावही सापडलं. काटोलला आत्या राहते, तिला फोन केला. तिनं एका दमात चार पिढ्या सांगितल्या आणि वरून म्हणाली, "इतके दिवस कोनी इचारलंच नाई न रे."

तर या आठवड्याचं काम तेच. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा, आपण कोणाचे. काय मिळालं ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. भेटू पुढच्या शनिवारी. जय सेवा, राम राम.