गांवची नभोवाणी व गांवचा व्यवहार
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हां कोणता विषय घ्यावा याविषयीं आम्ही थोडे घोटाळलों. देवळाच्या इतिहासावर बोलण्यास आमच्याहून अधिकारी माणसें येथें बसलीं आहेत. म्हणून ज्याची चर्चा अलीकडे आपल्या अंगणांत चालली आहे त्या 'कम्युनिटी रेडिओ'विषयीं, म्हणजे गांवानें गांवासाठीं चालविलेल्या नभोवाणीविषयीं, बोलावयाचें आम्हीं ठरविलें.

कांहीं वडील मंडळींस हें नवें खूळ वाटतें. वस्तुतः या कामाचा एक आद्य प्रवर्तक धर्मगुरुच होता. दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशीं, सुताटेन्सा नांवाच्या डोंगरी खेड्यांत, फादर होसे होआकिन साल्सेदो या तरुण धर्मगुरूनें १९४७ सालीं एक लहानसें ध्वनिक्षेपण यंत्र उभें केलें आणि अक्षरओळख, शेती, आरोग्य व धर्मशिक्षण हीं शेतकऱ्याच्या झोंपडींत पोहोंचविलीं.

आपल्या देशांत वाट मोकळी होण्यास फार काळ लागला. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं दिला. पुढें २००२ सालीं शिक्षणसंस्थांस व २००६ सालीं सेवाभावी संस्थांस परवाना मिळण्याची सोय झाली. यंत्राची शक्ति १०० वॅट, पल्ला सुमारें १० ते १२ किलोमीटर. आपल्या बाजारपेठेस तेवढा पुष्कळ झाला! केरळांत वायनाड येथें मानंतवाडी धर्मप्रांताच्या समाजसेवा संस्थेनें २००९ सालीं 'रेडिओ मट्टोली' काढला. तेथें शेतकऱ्यांसाठीं व आदिवासींसाठीं, त्यांच्या बोलींतही, कार्यक्रम होतात. आपल्याच सातारा जिल्ह्यांत म्हसवड येथें 'माणदेशी तरंग वाहिनी' आहे. दुष्काळी माण तालुक्यांतील ज्या स्त्रियांनीं १९९७ सालीं स्वतःची सहकारी बँक उभारली, त्यांच्याच चळवळीची ती वाणी होय.

येथवर सर्व गोड आहे. आतां अवघड भागाकडे वळूं.

गेल्या पावसाळ्यांत मार्केटांत पालेभाजी विकणाऱ्या आपल्या एका भगिनीस आम्हीं ही कल्पना सांगितली. तिनें विचारलें, "मी रेडिओवर आलें तर भाजीचा भाव सांगूं, कीं माझी बसावयाची जागा रस्त्यांत गेली तें सांगूं?" आम्ही निरुत्तर झालों. कारण २००६ च्या नियमांनीं अशा केंद्रांस स्वतःच्या बातम्या व राजकीय स्वरूपाची चर्चा यांची मनाई केली आहे. आकाशवाणीच्या बातम्या मात्र पुढें लावूं दिल्या. नळास पाणी केव्हां येईल हें सांगण्यास हरकत नाहीं. तें कां येत नाहीं, असें विचारूं लागलें कीं चालकाची छाती धडधडते. ही रेषा कोठें ओढावयाची, याचा निवाडा सरकारी कचेरीनें करावा आणि ज्याचें पाणी तुटलें त्यानें गप्प बसावें, हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

दुसरी अडचण पैशाची. जाहिरातींस आरंभीं तासास ५ मिनिटें होतीं. २०२४ सालच्या सुधारलेल्या नियमांनीं तीं १२ झालीं. केंद्राचा खर्च भागेल, हें खरें. परंतु ज्या दुकानदाराच्या जाहिरातीवर विजेचें बिल फिटतें, त्याच्या तराजूविषयीं तक्रार आली तर ती प्रक्षेपित होईल काय? आणि जिला जाहिरातीचा एक रुपयाही देतां येत नाहीं त्या भाजीवालीचा माल कोण सांगणार? आमचें मत असें कीं, जाहिरात घेणारा व कार्यक्रम ठरविणारा हे दोघे निराळे असावे; आणि गांवांतील लहान विक्रेत्यांस दररोज कांहीं वेळ विनामूल्य राखून ठेवावा. ट्रस्टी मंडळींस हें रुचेल न रुचेल. (रुचणार नाहीं, असें आमच्या एका मित्राचें भाकीत आहे.)

असो. येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या मोठ्या खोलींत याचा विचार करण्यासाठीं सभा भरेल. त्या भगिनीसही आम्हीं बोलाविलें आहे, आणि ती केवळ भाव सांगून थांबणार नाहीं हें आम्हांस पक्कें ठाऊक आहे.